परजीवी आत शिरला की मायोब्लास्टची मायोट्यूब का बनत नाही? (टॉक्सोप्लाझ्मा, सी२सी१२)

निळीशाई
नमस्कार मंडळी. मी एमएससी झूलॉजी दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला टॉक्सोप्लाझ्मा (एकपेशीय परजीवी) आणि स्नायूपेशी असा विषय मिळालाय. परजीवी पेशीत शिरतो, वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो इथपर्यंत सगळं कळतं. पण रिसर्च पेपरमध्ये सारखं येतं की इन्फेक्शनमुळे पेशी मरत नाही तरी तिचा स्नायू होत नाही, म्हणजे मायोब्लास्टची (स्नायू होऊ घातलेली कोवळी पेशी) मायोट्यूब (स्नायूतंतूचं सुरुवातीचं रूप) बनत नाही. म्हणजे जिवंत आहे, वाढतेय, मग अडतं कुठे? लॅबमध्ये सी२सी१२ (उंदराच्या मायोब्लास्टची, लॅबमध्ये वाढवता येणारी सेल लाइन) आहेत, पुण्याच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या) रिपॉझिटरीतून आणलेल्या, त्यांना वाढवायला आणि डिफरन्शिएट करायला (म्हणजे त्यांचा स्नायू घडवायला) जमतंय. पण उद्या गाइडने विचारलं की नेमकं काय बिघडतं तर माझ्याकडे उत्तर नाहीये. शिवाय पॅरासायटॉलॉजीच्या पुस्तकात ट्रायकिनेला या कृमीची नर्स सेल (कृमीने स्वतःला राहायला बदलून घेतलेली स्नायूपेशी) वाचली, तिचा याच्याशी संबंध लागतो का तेही कुणी सांगा प्लीज.

पेट्रीडिश
प्रश्न छान आहे, जरा लांबून येतो. स्नायूच्या तंतूला चिकटून सॅटेलाइट सेल असतात, १९६१ मध्ये अलेक्झांडर माउरोने त्या पहिल्यांदा नीट दाखवल्या. स्नायूला इजा झाली की त्या जाग्या होतात, विभागतात, त्यांचे मायोब्लास्ट होतात. मग मायोडी, मायोजेनिन अशी पेशीला स्नायूकडे नेणारी प्रोटीन्स वाढत जातात, पेशी विभागायची थांबते, शेजारणीला चिकटते आणि दोघी मिळून एक होतात, अशा खूप पेशी जुळल्या की अनेक केंद्रकांची लांब मायोट्यूब. तू प्लेटमध्ये सीरम (पेशींना वाढवणारा रक्तातला द्रव भाग) कमी करून २ टक्के हॉर्स सीरम देतेस तेव्हा हेच करायला लावतेस, वाढ बंद कर आणि स्नायू हो.

आता लक्षात घे, यातली विभागणं थांबवायची पायरी चुकवता येत नाही. सेल सायकलमधून (विभागणीच्या चक्रातून) बाहेर पडल्याशिवाय पेशी पुढे सरकतच नाही. आणि टॉक्सोप्लाझ्मा नेमका तिथेच हात घालतो. दुसऱ्या प्रकारच्या पेशींवरचं जुनं काम आहे, त्यात इन्फेक्टेड पेशी शांत बसलेली असली तरी डीएनए दुप्पट करायच्या टप्प्यात ढकलली जाते आणि मग विभागणीच्या आधी अडकून पडते.

रिओ दि जानेरोच्या ओस्वाल्दो क्रूझ इन्स्टिट्यूटमधल्या गटाने सी२सी१२ वरच हे केलंय, २०१९ चा पेपर आहे, टॉक्सोप्लाझ्माचा एमई४९ स्ट्रेन (वाण), २४ तास इन्फेक्शन आणि मग डिफरन्शिएशन. मायोट्यूब कमी, जोडणी कमी, मायोसिन हेवी चेन (आकुंचनाचं प्रोटीन) कमी, पण पेशी फुटणं किंवा अपॉप्टोसिस (पेशीने स्वतःहून मरणं) फारसं वाढलेलं नाही. उलट केआय६७ (विभागणीच्या चक्रात असलेल्या पेशीत दिसणारं प्रोटीन) वाढलेलं. हे फार महत्त्वाचं वाटतं मला, कारण पेशी मेल्या म्हणून स्नायू कमी झाला असं म्हणायची सोय राहत नाही. फक्त केआय६७ म्हणजे पेशी सायकलमध्ये आहे एवढंच, तिची विभागणी पूर्ण होते असा अर्थ काढू नकोस. याच गटाने त्याआधी २०११ मध्ये कॅडहेरिन हे प्रोटीन घटतं हेही दाखवलं होतं, आणि पेशींना एकमेकींना चिकटायला तेच लागतं.

गोठ्यातला_डॉक्टर
ट्रायकिनेलाचं मी सांगतो, व्हेटर्नरी पॅथॉलॉजी केलंय आणि ही गोष्ट मला विद्यार्थीदशेपासून आवडते. १८३५ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटलमध्ये जेम्स पॅजेट नावाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने मृतदेहाच्या स्नायूत हे बारीक ठिपके पाहिले आणि ते अळीचे निघाले.

अळी आधीच पूर्ण तयार असलेल्या स्नायूतंतूत शिरते आणि तो तंतू फोडत नाही, तर त्याचं स्नायूपण काढून घेते. सार्कोमिअर (तंतूचे आकुंचन पावणारे घटक) विरघळतात, आकुंचन पावायची यंत्रणाच जाते, केंद्रकं फुगतात आणि तंतूच्या मध्याकडे येतात. भोवती कोलॅजनची जाड भिंत, बाहेरून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं, आणि आत साधारण १ मिलिमीटरची अळी गुंडाळून वर्षानुवर्षं जगते. हे सगळं साधारण तीन आठवड्यांत उभं राहतं.

तुझ्या प्रश्नाशी जोडणारा धागा असा, की १९९३ मध्ये दाखवलं गेलं की या तंतूतली केंद्रकं परत सेल सायकलमध्ये शिरतात, डीएनए दुप्पट होतो आणि तिथेच अडकतात, विभागणी होत नाही, आणि स्नायूची जीन्स बंद पडतात. पूर्ण वाढ झालेल्या स्नायूतंतूने हे कधीच करायचं नसतं! शिवाय आसपासच्या सॅटेलाइट सेल जाग्या होतात, इजा दुरुस्त करायला विभागतात, पण त्यांचाही नीट स्नायू होत नाही, त्या नर्स सेलच्याच भाग होतात. म्हणजे एकीकडे झालेला स्नायू उलटा फिरतो, दुसरीकडे होऊ घातलेला अर्ध्यावर थांबतो. एक कृमी, एक एकपेशीय, नात्याने किती लांबचे, तरी दोघेही सेल सायकललाच धरतात. मला तरी हा योगायोग वाटत नाही, स्नायूला स्नायू ठेवणारं कुलूपच ते आहे.

रानवारा
पेट्रीडिश, एक शंका आहे. जर्मनीत गटिंगनला जे काम झालं त्यात तर उलटं दिसतं ना, की टॉक्सोप्लाझ्मा मायोब्लास्टमध्ये जोरात वाढत राहतो आणि मायोट्यूबमध्ये गेला की आपोआप हळू वाढणाऱ्या ब्रॅडिझॉइट रूपात जातो, सिस्ट (भिंतीआडची दीर्घकाळ टिकणारी गाठ) करतो. आणि त्यांचं म्हणणं असं की पेशी सायकलमधून बाहेर पडली हाच परजीवीला इशारा असतो. मग ज्याला सिस्ट करून वर्षानुवर्षं राहायला पक्व स्नायू हवा, तो स्नायू तयार होऊ का देत नाही? स्वतःचंच घर बांधू न देणं झालं हे.

पेट्रीडिश
रानवारा, अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंस. मी असं बघतो की हे दोन वेगळे प्रसंग आहेत. मोठ्या माणसाच्या किंवा बकरीच्या अंगात बहुतेक स्नायू आधीच तयार असतो, सिस्टसाठी परजीवीला तो आयता मिळतो. मायोब्लास्ट भेटतात ते वाढत्या वयात किंवा दुरुस्ती चालू असताना, आणि तिथे परजीवी भराभर वाढणाऱ्या रूपात असतो, तेव्हा त्याला विभागायच्या मूडमधली पेशी सोयीची पडत असावी. हा माझा अंदाज आहे, सिद्ध झालेलं म्हणून लिहू नकोस निळीशाई. पण यातून तुझ्या प्रयोगाला सरळ दिशा मिळते, डिफरन्शिएशनच्या आधी इन्फेक्शन आणि मायोट्यूब झाल्यावर इन्फेक्शन, दोन्ही कर, एकच वेळ घेतलीस तर अर्धंच दिसेल.

निळीशाई
बापरे, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, थँक्यू सगळ्यांना. एक राहिलं. मायोट्यूब कमी होण्याचा परिणाम फक्त परजीवी आत असलेल्या पेशींपुरताच असतो की शेजारच्या रिकाम्या पेशींवरही होतो? प्लेटमध्ये सगळ्या पेशी काही इन्फेक्ट होत नाहीत.

पेट्रीडिश
शेजारच्यांवरही होतो. त्याच २०१९ च्या कामात इन्फेक्टेड प्लेटमधलं मीडियम (पेशी ज्यात वाढतात तो द्रव) निरोगी सी२सी१२ वर घातलं तरी मायोट्यूब कमी झाल्या. मीडियममध्ये आयएल-६ आणि एमसीपी-१ (पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ती प्रोटीन्स) खूप वाढलेलं होतं, तसंच दुसरं प्रोटीन टीजीएफ-बीटा कमी. पण आयएल-६ चा रिसेप्टर अडवला किंवा वरून टीजीएफ-बीटा घातलं तरी बिघाड भरून आला नाही, म्हणजे गुन्हेगार फक्त हे दोघे नाहीत. तू हे करून बघ, मीडियम ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळून घे म्हणजे परजीवी मागे राहतील, आणि कंट्रोलला इन्फेक्शन नसलेल्या प्लेटचं तितक्याच तासांचं जुनं मीडियम घे, ताजं नको, नाहीतर पोषण संपल्याचा परिणाम कुठला आणि इन्फेक्शनचा कुठला ते कळणार नाही. आणि केंद्रकं मोजताना जपून, डापीने (डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाने) परजीवीचं केंद्रकही चमकतं, बारीक असतं पण घाईत मोजलं जातं आणि मग जोडणीचा आकडाच चुकतो.

मायक्रोवाली
मी मेडिकल मायक्रोबायोलॉजीत आहे, थोडं माणसांबद्दल. निरोगी माणसात टॉक्सोप्लाझ्मा बहुतेकदा लक्षणं न देता स्नायूत आणि मेंदूत सिस्ट करून राहतो. प्रतिकारशक्ती खूप खाली गेलेल्यांना मात्र कधी कधी स्नायूदाह होतो, हातपाय दुखतात, ताकद जाते. पायरिमेथामिन आणि सल्फाडायझिन ही औषधं वाढणाऱ्या रूपावर चालतात पण सिस्ट जात नाहीत, म्हणून स्नायूत तो टिकतो कसा हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही.

आणि निळीशाई, हे कळकळीने सांगतेय, जिवंत परजीवी हाताळताना सेफ्टी कॅबिनेटमध्येच काम, सुईने काम शक्यतो नकोच, लॅबमध्ये सुई टोचून इन्फेक्शन झाल्याच्या नोंदी आहेत. सुरू करायच्या आधी स्वतःची टॉक्सोप्लाझ्माची आयजीजी टेस्ट (रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी) करून रिपोर्ट जपून ठेव. लॅबमध्ये कुणी गरोदर असेल किंवा तसा विचार असेल तर जिवंत परजीवीच्या कामापासून तिला पूर्ण लांब ठेवायला गाइडला स्पष्ट सांग, पहिल्यांदाच झालेलं इन्फेक्शन बाळापर्यंत जाऊ शकतं. मॅडम काय म्हणतील म्हणून गप्प बसू नकोस.