मुरुमांवर घरचा लेप लावावा की सरळ मलम?

शेवंता: गालावर चार पुटकुळ्या आल्या की मुलींना लगेच केमिस्टच्या दुकानात पिटाळायचं, हे मला पटत नाही. तारुण्यपीटिकांवर लोध्र (एका झाडाची साल), धने आणि वेखंडाचा लेप शार्ङ्गधर संहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, सांगितलेला आहे. सावरीचा काटा दुधात उगाळून लावतात, जायफळही. आणि हा निव्वळ जुन्या पोथ्यांचा विषय नाही. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर टी ट्री या तिथल्या झाडाच्या तेलाचं ५ टक्के जेल आणि मुरुमांवरचं नेहमीचं औषध ५ टक्के बेन्झॉईल पेरॉक्साइड यांची तुलना झाली. गुण दोन्हींनी आला. तेलाला वेळ जास्त लागला, पण त्रास कमी झाला.

खडीसाखर: शेवंताताई, तो प्रयोग टी ट्रीचा होता. त्यावरून जायफळाची बाजू कशी मांडता? शिवाय ते मोजून बनवलेलं जेल होतं. बाटलीतलं शुद्ध तेल तसंच चोपडलं तर कातडी भाजल्यासारखी होते. मुरूम मुळात आत सुरू होतो. तेलग्रंथीचं तोंड बुजतं, आत तेल साचतं, जंतू वाढतात, सूज येते. लेपाने वरची पुटकुळी सुकेल, आतली दुखरी गाठ तशीच राहील. ॲडापलीनसारखं औषध ते तोंड बुजण्यावरच काम करतं. लेपांत महिने गेले आणि गालाला खड्डे पडले, तर ते कुठल्याही उटण्याने भरत नाहीत. माझा खरा राग या वाया गेलेल्या महिन्यांवर आहे.

पाणकणीस: लिंबू तर कृपा करून कुणीच सुचवू नका. रस लावून उन्हात गेलं की सालीतल्या द्रव्यांमुळे फोड येतात आणि काळे डाग कितीतरी दिवस हटत नाहीत. आपल्याकडच्या उन्हात तर नकोच.

शेवंता: लिंबू मी सुचवलेलंच नाही. गाठी असतील तर त्वचारोगतज्ज्ञ गाठावा, हेही मान्य. पण खडीसाखर, घराघरात 'मलम' म्हणून काय येतं ते बघा. गोरं करणारी, स्टेरॉइड मिसळलेली क्रीम! २०१८ मध्ये सरकारने ती चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध आणले, तरी मुली मैत्रिणीची ट्यूब मागून लावतात. चार दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो, मग मुरूम आणखी उसळतात, कातडी पातळ होते. त्यापेक्षा माझं लोध्र शतपट बरं.

खडीसाखर: स्टेरॉइडबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण तो वाईट मलमाचा दोष झाला, त्याने लेपाचा गुण सिद्ध होत नाही. त्वचारोगतज्ज्ञ मुरुमांवर ती क्रीम देतच नाहीत.

पाणकणीस: एक गोष्ट दोघांकडूनही राहिली. हनुवटी आणि जबड्याच्या कडेने सतत मुरूम येत असतील, सोबत पाळी अनियमित असेल किंवा ओठांवर लव वाढली असेल, तर लेप आणि मलम दोन्ही बाजूला ठेवून आधी पीसीओएसची (संप्रेरकं आणि अंडाशयाशी संबंधित विकाराची) तपासणी करून घ्या.