वर्गात नाथांचं भारूड घेतलं, आता माफीनामा मागतायत. सही करू का?

तासिकावाली, ऐरोली

नमस्कार मंडळी. लांबलंय, पण पूर्ण वाचा आणि सोमवारच्या आत काहीतरी सांगा प्लीज, कारण सोमवारी अकरा वाजता मला पत्र घेऊन प्रिन्सिपॉल सरांच्या केबिनमध्ये जायचंय.

मी मराठीत सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झालेली, नवी मुंबईतल्या एका डिग्री कॉलेजला तासिका तत्त्वावर शिकवते, हे चौथं वर्ष. दर वर्षी नव्याने मुलाखत, पैसे कधी येतील देव जाणे, इथल्या निम्म्या लोकांना ते माहितीच आहे. एसवायला जुन्या मराठी वाङ्मयाचा पेपर माझ्याकडे आहे. भारूड हा प्रकार सिलॅबसमध्ये आहे, नमुन्याला कुठली भारुडं घ्यायची ते शिकवणाऱ्यावर. विंचू चावला आणि सत्वर पाव गं मला मुलांना शाळेपासून पाठ, म्हणून या वेळी एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एक हिंदू आणि एक तुर्क, म्हणजे मुसलमान, एकमेकांची यथेच्छ उणीदुणी काढतात. तुर्क म्हणतो तुमचा ब्रह्मदेव स्वतःच्या मुलीच्या मागे लागला, तुमच्या रामाची बायको रावणाने पळवली, कसले हे देव. मग हिंदू म्हणतो देव सगळीकडे आहे म्हणता ना, मग एकाच दिशेला तोंड करून का हाका मारता. आणि शेवटी दोघं एकमेकांना मिठी मारतात. सोळाव्या शतकात लिहिलंय हो हे.

आता भारूड म्हणजे सोंग, ते बातम्यांसारखं वाचून कसं दाखवणार. तुर्काचं बोलणं दखनी वळणाचं आहे, ते मी आवाज बदलून, हातवारे करून म्हणलं. पोरं हसली. मलाही बरं वाटलं, कारण शेवटचं लेक्चर, पंखा खडखडतोय आणि पाऊणच्या उकाड्यात मुलं जागी आहेत हीच मोठी गोष्ट. हिंदूची उत्तरं सुरू केली आणि बेल झाली, उरलेलं गुरुवारी घेऊ म्हणलं.

कुणीतरी ३८ सेकंदांचा व्हिडिओ काढला होता. त्यात फक्त तुर्क, माझे हातवारे आणि वर्गाचं हसणं. खाली लिहिलं ‘बघा आपल्या कॉलेजात काय शिकवतात’. क्लासच्या ग्रुपवरून माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर, तिथून कुठे कुठे. दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये सहा-सात जण येऊन बसलेले, त्यातला एकही कॉलेजचा नाही. सरांनी त्यांना चहा दिला आणि मला उभं ठेवलं. पत्राचा मजकूरही तयार आहे, ‘माझ्याकडून देवदेवतांचा अवमान झाला असून विद्यार्थ्यांच्या भावना दुखावल्याबद्दल बिनशर्त माफी मागते, यापुढे असे साहित्य शिकवणार नाही’. गुरुवारचं लेक्चर दुसऱ्या सरांना दिलं. त्यांनी अभंग घेतला म्हणे.

आमच्या घरी देव्हाऱ्यात नाथांचा फोटो आहे, आजोबा नाथषष्ठीला पैठणला जायचे. आईला अजून सांगितलेलं नाहीये. सही करू का? नाही केली तर पुढच्या वर्षी मला कोण बोलावणार? आणि खरं सांगा, माझं चुकलं का?

निवृत्त मास्तर, नौपाडा

मॅडम, सही करू नका. माफीनामा वेगळा आणि खुलासा वेगळा. प्राचार्यांना खुलासा मागायचा हक्क आहे, तो द्या. एक पान पुरे. कुठला पेपर, कुठला घटक, कुठलं भारूड, कुठल्या संपादित गाथेतून घेतलं, शेवट काय आहे. सोबत पूर्ण भारुडाची झेरॉक्स जोडा, पूर्ण म्हणजे पूर्ण. दोन प्रती करा आणि एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. क्लार्क म्हणेल नंतर देतो, तिथेच स्टुलावर बसा.

बाकी हे आजचं नाही. राज्य सरकारनेच बाबासाहेबांच्या समग्र लेखनाचा चौथा खंड १९८७ साली काढला, त्यात रिडल्स इन हिंदुइझम होतं, आणि राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून महाराष्ट्र पेटला. ते काढा म्हणून एक मोर्चा, काढाल तर याद राखा म्हणून १९८८ च्या सुरुवातीला मुंबईत त्याहून मोठा मोर्चा. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलेलो, स्टाफरूममध्ये दोन टेबलं झाली होती, डबेसुद्धा वेगळे. शेवटी काय झालं, तर मजकूर राहिला आणि सरकार या मतांशी सहमत आहे असं नाही अशी टीप पडली. मला ती टीप तेव्हा पळपुटी वाटली होती. आज वाटतं, निदान पान तरी फाडलं नाही.

आणि नाथांच्या अंगावर थुंकणाऱ्याची गोष्ट आठवत असेल, एकशे आठ वेळा गोदावरीत आंघोळ केली त्यांनी. तुम्ही इतक्या वेळा करू नका, तुमच्याकडे पाणी दिवसाआड येतं.

एक बाप, कोपरखैरणे

सगळे मॅडमच्या बाजूनेच बोलणार दिसतंय म्हणून मी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. माझा मुलगा एफवायला आहे. आम्ही घरात रोज रामरक्षा म्हणतो. त्याच्या वर्गात कुणी हातवारे करून रामाच्या बायकोबद्दल असं म्हणलं आणि पन्नास पोरं फिदीफिदी हसली तर त्याला कसं वाटेल याचा विचार केलात का? मजकूर नाथांचा आहे मान्य, पण हसणं नाथांचं नाही. हे भारूड कीर्तनात झालं असतं तर समोर वारकरी असते, त्यांना माहिती असतं की गाडी शेवटी कुठे जाणार आहे. एकोणीस वर्षांच्या पोराला ते माहिती नाही, त्याला तुम्ही अर्ध्यावर सोडलंत आणि बेल झाली म्हणून निघून गेलात.

व्हिडिओ पसरवणं चूकच आणि बाहेरच्यांनी ऑफिसात येऊन बसायचं काही कारण नव्हतं. पण त्या पोराला खरंच लागलं असेल तर त्याने जायचं कुठे? तक्रार पेटीला तर कुलूपच असतं.

तासिकावाली, ऐरोली

@एक बाप, राग नाही. अर्ध्यावर सोडलं हे मला दोन दिवस खातंय. शेवट आधी सांगून मग सुरुवात करायला हवी होती का, हेच डोक्यात घोळतंय.

कोर्ट नाका

ठाण्यात वकिली करतो, इथे जे लिहितोय तो सल्ला समजू नका, प्रत्यक्ष कागद घेऊन कुणाला तरी भेटा. तरी थोडक्यात.

घाबरवायला जे कलम सांगतात ते म्हणजे जुनं २९५ अ, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २९९. हे कलम १९२७ मध्ये इंग्रजांनी घातलं, लाहोरच्या एका पुस्तकाच्या खटल्यानंतर. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे हे खरं, पण त्यात जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने असे दोन्ही शब्द आहेत, नुसतं कुणाला लागलं एवढ्यावर भागत नाही. १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सुप्रीम कोर्टाने कलम वैध ठरवलं तेही याच कारणाने, की अनवधानाने किंवा बेफिकिरीने झालेला अपमान यात येतच नाही. शिवाय सरकारची पूर्वमंजुरी असल्याशिवाय कोर्ट याची दखल घेऊ शकत नाही.

म्हणून तो तयार मजकूर पुन्हा वाचा. ‘माझ्याकडून अवमान झाला’ हे तुम्ही स्वतःच्या सहीने लिहून देताय. आज सर म्हणतील फाइलला लावून ठेवतो, मिटलं. उद्या तोच कागद कुणाच्या हातात जाईल याची गॅरंटी सर देणार आहेत का? लेखी विचारा त्यांना. देणार नाहीत. क्षमायाचना करायचीच असेल तर ‘भारूड एका तासात पूर्ण न झाल्याने गैरसमज झाला, त्याबद्दल दिलगीर आहे’ इथपर्यंत ठीक, आणि ‘यापुढे शिकवणार नाही’ हे तर अजिबात नको.

मूळ ३८ सेकंदांचा व्हिडिओ, कोणी कधी कुठल्या ग्रुपवर टाकला त्याचे स्क्रीनशॉट, सगळं सेव्ह करून ठेवा. आणि बुक्टूच्या, म्हणजे मुंबईतल्या कॉलेज शिक्षकांच्या युनियनच्या, लोकांना आजच फोन करा, सोमवारी केबिनमध्ये एकट्या जाऊ नका.

कौसावाला

मी मुंब्र्यात राहतो, ज्युनिअर कॉलेजला इतिहास शिकवतो, घरात कोकणी बोलतो, त्यामुळे मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

गंमत बघा, या भारुडात आमच्यावरही सणसणीत आहे, पण ते गुरुवारच्या लेक्चरला होतं म्हणून आमच्याकडून कोणी आलं नाही. आलं असतं तर मॅडम, तुमच्या सरांना चहाचे कप कमी पडले असते.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात हॅमलिन युनिव्हर्सिटी आहे, तिथलं ऑक्टोबर २०२२ चं प्रकरण वाचा. कलेच्या इतिहासाच्या ऑनलाइन वर्गात एका मॅडमनी चौदाव्या शतकातलं इराणी चित्र दाखवलं, रशीदुद्दीनच्या जगाच्या इतिहासाच्या हस्तलिखितातलं, त्यात पैगंबरांचं चित्र आहे. रशीदुद्दीन स्वतः मुसलमान, मंगोल सुलतानांचा वजीर. म्हणजे आमच्याच माणसाने करवून घेतलेलं काम, जसं तुमचं नाथांचं. त्या मॅडमनी सिलॅबसमध्ये आधीच लिहिलं होतं, वर्गातही सांगितलं होतं की दाखवणार आहे, ज्यांना नको त्यांनी बघू नका. तरी एका विद्यार्थिनीने तक्रार केली, प्रशासनाने ईमेलमध्ये ‘इस्लामोफोबिक’ शब्द वापरला आणि पुढच्या सत्राला मॅडमना बोलावलं नाही. त्याही कंत्राटीच होत्या. मला तर वाटतं सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे, पर्मनंट असत्या तर चौकशी समिती बसली असती, बैठका झाल्या असत्या, दोन वर्षं गेली असती. कंत्राटी माणसाला काढावंही लागत नाही, नुसतं परत बोलवायचं नाही.

पुढे काय झालं तेही बघा. तिथल्या मुस्लिम पब्लिक अफेअर्स कौन्सिलने मॅडमची बाजू घेतली. जानेवारी २०२३ मध्ये प्राध्यापकांनी ७१ विरुद्ध १२ मतांनी अध्यक्षांचा राजीनामा मागितला, आणि तो शब्द वापरायला नको होता हे युनिव्हर्सिटीला कबूल करावं लागलं. मी स्वतः ते चित्र बघणार नाही, आमच्या घरात ते चालत नाही. पण न बघायची सोय त्या बाईंनी मला करून दिली होती ना? मग माझी तक्रार कशाची?

आणि हे बोलताना केरळ विसरून चालणार नाही. तोडुपुळ्याच्या टी. जे. जोसेफ सरांचा हात ४ जुलै २०१० ला तोडला, एका प्रश्नपत्रिकेवरून. तोडणारे माझ्या धर्माचं नाव घेऊन आले होते, त्याची मला लाज वाटते. पण हात तुटल्यावर त्यांच्या कॉलेजने, चर्चच्या कॉलेजने, त्यांना नोकरीवरूनही काढलं. हल्लेखोर एकदा येतात आणि जातात, कॉलेजात रोज जायचं असतं.

टीवायची पोरगी, कळवा

हाय मॅम. मी तुमच्या कॉलेजची नाही पण आमच्याकडे पण सेम झालंय, धर्म नाही, जातीवरून. आता सर स्लाइड वाचतात आणि बसतात, प्रश्न विचारला की म्हणतात गाइडमध्ये आहे. कोणाला राग येत नाही आणि कोणाला काही कळत पण नाही.

@एक बाप काका, आम्हाला एकोणीस वर्षांचे म्हणून काहीच झेपणार नाही असं का वाटतं सगळ्यांना? दिल्ली युनिव्हर्सिटीने २०११ मध्ये ए. के. रामानुजन यांचा रामायणांवरचा निबंध सिलॅबसमधून काढला तेव्हा पण हेच, चार एक्स्पर्टपैकी तिघं म्हणाले ठेवा आणि एक म्हणाले बीएच्या मुलांना पेलणार नाही, आणि काढलाच. मी तो नंतर मोबाइलवर वाचला, ट्रेनमध्ये, कळवा ते सीएसएमटी. पेलला.

पण मॅम एक सांगू, व्हिडिओ काढणारा मुलगा व्हिलनच असेल असं नाही. आमच्याकडे ज्याने काढला होता त्याला फक्त रील टाकायची होती, कॅप्शन दुसऱ्याने लिहिलं.

एक बाप, कोपरखैरणे

बरं बाई, झेपतं तुम्हाला. मी ते भारूड काल रात्री शोधून पूर्ण वाचलं, अर्थ लावायला वेळ लागला. हिंदूच्या तोंडी पण काही गोड नाहीये. माझं म्हणणं अजून तेच आहे की अर्ध्यावर सोडू नये, पण तो मजकूर तुम्हाला सही करायला लावणं चूक आहे. कुणी सोबत हवं असेल तर सोमवारी मी येऊ शकतो, पालक म्हणून. माझा मुलगा दुसऱ्या कॉलेजला आहे, चालेल का माहीत नाही.

तासिकावाली, ऐरोली

अपडेट. सगळ्यांचे आभार. एक बाप, तुम्ही विचारलंत तेवढ्यानेच धीर आला, युनियनचे एक सर आले सोबत.

खुलासा दिला, मास्तरांनी सांगितलं तसा, एक पान आणि झेरॉक्स. गैरसमजाबद्दल दिलगीर एवढंच लिहिलं. सर म्हणाले तुम्ही प्रकरण वाढवताय. युनियनचे सर म्हणाले, मग तो माफीचा तयार मजकूर कॉलेजच्या लेटरहेडवर द्या आणि खाली तुम्हीही सही करा. त्यावर सर बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. तो मजकूर परत टेबलावर आला नाही. पण एसवायचा पेपरही परत आला नाही, आता माझ्याकडे फक्त एफवाय आहे. शिक्का घ्यायला पाऊण तास स्टुलावर बसले.

आईला सांगितलं शेवटी. ती म्हणाली तुर्काचा आवाज कसा काढलास ते दाखव.

व्हिडिओवाला मुलगा काल ऐरोली स्टेशनच्या पुलावर भेटला, नजर चुकवत होता, मग मागून धावत आला आणि विचारतो, मॅडम, ते भारूड पेपरला येणार का? म्हणलं, मला विचारू नकोस, मी आता तुम्हाला नाही.

अजून एक विचारायचं होतं. महिन्याचं बिल भरताना भारुडाची ती तासिका धरायची ना? ऑफिसवाले म्हणतात ती वादात आहे, तूर्त सोडून द्या. आणि गुरुवारची, जी माझी असून माझ्याकडून काढून घेतली, तिचं काय? कुणाला अनुभव असेल तर सांगा, २५ तारखेपर्यंत बिल द्यायचंय.