'रॅस'ची रास जुळते का? 'कम्पॅटिबल'ला मराठीत काय म्हणता?

खारट ठाणेकर:
लोकहो, प्रश्न शब्दाचा आहे पण त्यामागे माझं नुकसान आहे म्हणून आधी ते सांगतो. घरी 4 फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, आत मऊ कोरल आणि थोडेच मासे. दुकानात सिक्सलाइन रॅस नावाचा मासा बघितला, बोटाएवढा, जांभळा-केशरी, अंगावर आडव्या सहा रेघा. विचारलं कम्पॅटिबल आहे का, दुकानदार म्हणाला एकदम कम्पॅटिबल, रीफ सेफ (म्हणजे कोरलच्या टाकीत चालणारा). आणला. आठ दिवस दगडाच्या फटीतून डोकावण्यापलीकडे काही नाही, मला वाटलं गरीब आहे बिचारा. महिन्याने फ्लॅशर ह्या दुसऱ्या जातीच्या रॅसचा नर आणला आणि ह्या बोटभर पोराने त्याला असा पळवला असा पळवला की तिसऱ्या दिवशी सकाळी फ्लॅशर टाकीमागे फरशीवर, सुकट होऊन. भांडायला गेलो तर म्हणे साहेब मी कोरलशी कम्पॅटिबल म्हणालो होतो. आणि खरंच, तो खोटं बोलला नव्हता! शब्द एकच, त्याने एका अर्थाने वापरला मी दुसऱ्या अर्थाने ऐकला. तर ह्याला मराठीत दोन वेगळे शब्द मिळतील का? 'सुसंगत' नको प्लीज, सॉफ्टवेअर बसवतोय असं वाटतं. आणि जाता जाता, रॅस तो, ती की ते?

कोकणी खेकडा:
वाईट वाटलं भाऊ, पण सुकट म्हणजे बारीक कोळंबी सुकवलेली. मासा सुकला तर तो सुका मासा. शब्दांचा धागा आहे म्हणून बोललो. बाकी सिक्सलाइनला कडक मंगळ असतो, पत्रिका न बघता स्थळ आणलंत.

शब्दवेडी:
😀 पत्रिकेचा विषय निघालाच आहे तर आधी उच्चार. इंग्रजीत wrasse लिहितात, डब्ल्यू मुका, म्हणून 'रॅस'. दुकानातल्या पाटीवर मी 'व्रासे' वाचलंय, 'रेस' वाचलंय, आणि एकदा चक्क 'रास फिश' (कन्या की तूळ ते लिहिलं नव्हतं). मूळ शब्द इंग्रजीतलाही नाही, तो कॉर्निशमधून आलाय, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे तिथली भाषा. तिथला 'ग्व्राख', त्याचं वाक्यात बदललेलं रूप 'व्राख', अर्थ म्हातारी बाई, थेरडी, चेटकीण. वेल्शमध्येही 'ग्व्राख' म्हणजे चेटकीणच. बहुतेक त्या जाड ओठांच्या तोंडावरून म्हणत असावेत, हा माझा तर्क. कुळाचं शास्त्रीय नाव लॅब्रिडे, तेही लॅटिन 'लाब्रुम' म्हणजे ओठ ह्यावरून, आणि जर्मन लोक सरळ 'लिपफिश' म्हणतात. म्हणजे आपण 'ओठ्या' म्हणायला कुणाची हरकत नसावी, पण म्हणणार कोण. एकाच कुळात 600 च्या वर जाती, बोटभर फ्लॅशरपासून दीड-दोन मीटरच्या नेपोलियन रॅसपर्यंत, सगळ्यांना ओठ्या म्हणून कसं चालेल.

तो/ती/ते चं उत्तर गमतीचं आहे. ह्यातल्या बऱ्याच जाती आधी मादी असतात आणि मग नर होतात! नर मेला किंवा काढला की सगळ्यात दांडगी मादी रंग बदलून त्याची जागा घेते. आता ज्याला कॉर्निश माणूस म्हातारी म्हणाला ती म्हातारपणी बुवा होते, मी व्याकरण कुठलं लावू? मी 'मासा' मनात धरून 'तो रॅस' म्हणते, अनेकवचनही 'रॅस' च.

वाळूतला किडा:
ठाणेकर, तुमच्या प्रश्नात दोन नाही तीन अर्थ अडकलेत. (1) कोरलला तोंड लावतो का. (2) गोगलगाय, कोळंबी, खेकडे खातो का. (3) बाकीच्या माशांशी कसा वागतो. 'रीफ सेफ' मध्ये खरं तर फक्त पहिला येतो. थॅलासोमा गटातले मोठे रॅस कोरलकडे ढुंकून बघत नाहीत पण तुमची क्लीनर कोळंबी (माशांचं अंग साफ करणारी) एका दुपारी संपवतील, आणि विकणारा तरी रीफ सेफच म्हणणार. पहिल्यासाठी 'कोरलला निर्धोक' म्हणा, दुसऱ्यासाठी सरळ 'कोळंबी खातो' म्हणा, त्याला शब्द कशाला पाहिजे. तिसऱ्यासाठी आपल्याकडे इतका चपखल शब्द आहे की मला नवल वाटतं कोणी वापरत कसं नाही: नांदणे.

'पटतं' हे दुकानातल्या टाकीतही पटतं, तिथे पन्नास मासे कोंबलेले, कुणाचीच हद्द नाही, भांडायचं कशावरून? नांदायला घर लागतं आणि दिवस लागतात. सून नांदते म्हणतो, पाहुणा नांदतो नाही म्हणत. रॅसचं नेमकं तेच आहे. सिक्सलाइन पहिला आला, दगड न दगड त्याचा झाला, मग जो येईल तो घुसखोर. तोच सिक्सलाइन सगळ्यात शेवटी सोडला असता तर कदाचित (कदाचितच, ह्या जातीची हमी मी देत नाही) दबून राहिला असता. म्हणून क्रम असा धरा, आधी फ्लॅशर, फेअरी, लेपर्ड हे गरीब रॅस, मग हॅलिकोइरिस गटातले, आणि सिक्सलाइन किंवा त्याचा भाऊ मिस्टरी रॅस अगदी शेवटी, किंवा मी म्हणतो आणूच नका.

आता उपाय. सिक्सलाइनला सापळ्याने पकडा, जाळीने धरायला गेलात तर सगळे दगड उपसावे लागतील. त्याला टाकीतच भोकांच्या पारदर्शक डब्यात ठेवा, दगडांची मांडामांड बदला, नवीन मासा मोकळा सोडा, आठवड्याने सिक्सलाइनला डब्यातून मोकळा करा. बाहेरून काचेला आरसा लावला तर काही वेळ तो स्वतःशीच भांडत बसतो, हे पण चालतं. आणि झाकण!! रॅस घाबरला की वर उडतो, बोटभर फटीतून सुद्धा जातो, 6 मिलिमीटरची जाळी पूर्ण बसवा, पाइपजवळची खाच पण. तुमचा फ्लॅशर सिक्सलाइनने मारला नाही, उघड्या टाकीने मारला, माफ करा पण तसंच आहे.

खारट ठाणेकर:
मान्य. अर्धं झाकण होतं. 'नांदणे' आवडलं, दुकानदाराला विचारून बघतो "हा नांदेल का हो", चेहरा बघायचाय त्याचा. अजून एक, हॅरेमला काय म्हणायचं? फेअरीचा एक नर तीन माद्या घ्यायचा विचार आहे. जनानखाना म्हटलं की बायको माझ्याकडे बघते.

शब्दवेडी:
कबिला! जुन्या कागदपत्रांत 'कबिला' म्हणजे बायकापोरं, घरची माणसं, आणि 'कुटुंबकबिला' तर आपण आजही म्हणतो. फेअरीचा कबिला. ऐकायलाही बरं.

फेअरीवरून आठवलं, मालदीवमधला गुलाबी फेअरी रॅस आधी दुसऱ्याच जातीचा समजत होते, 2022 साली त्याला वेगळं नाव मिळालं, सिऱ्हिलाब्रस फिनिफेन्मा. फिनिफेन्मा म्हणजे दिवेही भाषेत गुलाब, आणि नाव देणाऱ्यांत मालदीवचाच एक संशोधक होता. दिवेही ही आपल्या मराठीची लांबची चुलत बहीण, तिच्यात जुन्या प चा फ झालाय, पाण्याला 'फेन' म्हणतात. लक्षद्वीपच्या मिनिकॉयवरही हीच भाषा बोलतात. त्यांनी आपल्या माशाला आपल्या फुलाचं नाव दिलं आणि आपण व्रासे की रेस करतोय.

वाळूतला किडा:
कबिला आणताना माद्या आधी किंवा सगळे एकदम, नर एकच. दोन नर एकाच जातीचे म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. माद्या नसल्या तर फेअरीचा नर महिन्यामहिन्याने फिका पडत जातो, रंग दाखवायला समोर कोणी नको का. खाणं दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं, मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) वगैरे, ह्यांचं पोट लहान आणि दिवसभर पोहणं.

अजून एक शब्द सुचवतो, रात्री फेअरी आणि सिक्सलाइन तोंडातून चिकट पातळ पिशवी काढून तिच्यात झोपतात, इंग्रजीत कोकून, मी म्हणतो शेंबडाची मच्छरदाणी. नवीन लोक घाबरतात, रोग झाला म्हणून औषध ओततात. हसू नका, पोपटमासा पण अशीच पिशवी करतो आणि 2010 साली ऑस्ट्रेलियात प्रयोग झाला, पिशवी काढून घेतलेल्या पोपटमाशांना रात्री रक्त पिणारे बारीक किडे जास्त डसले. म्हणजे मच्छरदाणीच की.

हॅलिकोइरिस, लेपर्ड ह्यांची तऱ्हा वेगळी, ते वाळूत पुरून झोपतात, म्हणून बारीक वाळूचा दोन इंची थर हवा, क्वारंटाइनमध्ये निदान डबाभर वाळू. नवीन आणलेला वाळूत गेला की चार-पाच दिवस वर येत नाही, लोक मेला समजून उकरतात. उकरू नका! लांबून आलाय, त्याची रात्र अजून तुमच्या रात्रीशी जुळलेली नाही.

कोकणी खेकडा:
म्हणजे 'माहेरची आठवण' काढतोय वाळूत. माझ्याकडून एकच, कोरलला पोवळं म्हणा, बोलण्यातला शब्द आहे, प्रवाळ पुस्तकी. पण मालवणला फिरायला येऊन खडकावरचं जिवंत पोवळं उचलून टाकीत टाकू नका, दगडी पोवळी 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला.

खारट ठाणेकर:
नाही हो, आमची सगळी मऊ आहेत आणि मित्राच्या टाकीतली छाटणी आहे. काल सापळा लावला. सिक्सलाइन आत येतो, मायसिस खातो आणि दोरी ओढायच्या आत बाहेर. चार वेळा. ह्याला काय म्हणतात ते मला माहितीय पण इथे लिहिता येत नाही.