वेव्हगाइडमध्ये अल्युमिनाची परमिटिव्हिटी कमी येतेय, एअर गॅपमुळे असेल का?

निनाद_एमटेक
नमस्कार मंडळी, प्रोजेक्टसाठी एक्स बँडमध्ये (मायक्रोवेव्हचा एक पट्टा) ९९.५ टक्के अल्युमिना सिरॅमिकच्या ठोकळ्याची परमिटिव्हिटी (इलेक्ट्रिक फील्डला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचा आकडा, हवेचा १) मोजतोय, वेव्हगाइड (लहर वाहून नेणारी पोकळ धातूची नळी) डब्ल्यूआर-९०, म्हणजे आतून २२.८६ बाय १०.१६ मिमी. व्हीएनएचं (परतलेली आणि आरपार गेलेली लहर मोजणारं यंत्र) टीआरएल कॅलिब्रेशन नीट झालंय, रिकामा होल्डर लावला की परमिटिव्हिटी १ येते, टेफ्लॉनही ठीक येतं. पण अल्युमिना ८.९५ च्या वर जायलाच तयार नाही आणि डेटाशीटला ९.८ लिहिलंय. सॅम्पल थोडं सैल बसतं, दोन्ही अरुंद भिंतींकडे फट चक्क डोळ्याला दिसते, वर फारशी दिसत नाही. व्हर्नियरवर उंची १०.०५ भरते. बाजूच्या फटीसाठी नवीन ठोकळा कापून घ्यावा लागेल का? डायमंड व्हीलचं काम आहे, लगेच होत नाही.

सुमेधा_आरएफ
नवीन कापू नका! बाजूची फट दिसते मोठी पण टीई१० मोडमध्ये (या गाइडमधली लहरीची नेहमीची रचना) तिथे इलेक्ट्रिक फील्ड जवळजवळ शून्यच असतं, त्यामुळे तिने काही बिघडत नाही. सगळा घोळ त्या न दिसणाऱ्या वरच्या फटीचा आहे. फील्ड रुंद भिंतीकडून रुंद भिंतीकडे उभं जातं, वाटेत फट आडवी येते, म्हणजे सॅम्पल आणि हवा हे सिरीजमधले दोन कपॅसिटर झाले, आणि हवेतलं फील्ड अल्युमिनातल्यापेक्षा साधारण दहापट. करून बघा: १०.०५ भागिले ९.८ म्हणजे १.०२५, त्यात फटीचे ०.११ मिळवा, १.१३५ झाले, आता १०.१६ ला त्याने भागा. ८.९५! तुमचाच आकडा. टेफ्लॉनला एवढ्याच फटीने फक्त एक टक्क्याच्या आसपास फरक पडतो म्हणून ते ठीक वाटलं, आणि ५० परमिटिव्हिटीचं सिरॅमिक असतं तर ३३ सुद्धा दिसलं नसतं.

निनाद_एमटेक
अरे वा, मनापासून आभार ताई! मग हाच फॉर्म्युला उलटा लावून रिपोर्टमध्ये ९.८ लिहिलं तर चालेल ना?

जुना_लॅबवाला
थांबा, एवढ्यात लिहू नका. व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे वाचता येणारं सर्वात लहान माप, ०.०२ मिमी असतो. फट ०.०९ धरलीत तर करेक्शननंतर ९.६३ येईल आणि ०.१३ धरलीत तर ९.९८, म्हणजे डेटाशीटशी जुळलं ते खरं की नशिबाने, हे तुम्हाला सांगताच येणार नाही. मायक्रोमीटरने ठोकळा चार-पाच ठिकाणी मोजा, होल्डरची आतली उंचीही मोजा, कॅटलॉगचा आकडा धरून चालू नका. त्यापेक्षा चांगलं म्हणजे वरच्या-खालच्या दोन रुंद बाजूंना कंडक्टिव्ह सिल्व्हर पेस्ट लावून ठोकळा होल्डरमध्ये बसवायचा, पेस्टने फट भरली की फील्डला हवा लागतच नाही. फक्त लहर ज्या तोंडाने आत शिरते आणि ज्या तोंडाने बाहेर पडते तिथे पेस्टचा ओघळ जाऊ देऊ नका, नाहीतर तो ओघळच लहर परतवायला लागेल आणि एस११ वर (परतलेल्या लहरीचं रीडिंग) विश्वास ठेवता येणार नाही. आधी बिनपेस्टचं रीडिंग सेव्ह करून ठेवा, दोन्ही शेजारी ठेवले की फटीचा परिणाम सरळ दिसतो.

फेराइट_पुणे
माझं सॅम्पल फेराइट-इपॉक्सीचं आहे, म्यू (मॅग्नेटिक परमिअबिलिटी) पण असाच कोसळतो का?

सुमेधा_आरएफ
नाही, वरच्या फटीत मॅग्नेटिक फील्ड फटीला समांतर असतं, त्यामुळे तिथे साधी सरासरी होते, एक टक्का फट असेल तर म्यू एक टक्क्याहून कमीच घटतो. एप्सिलॉनकडे, म्हणजे परमिटिव्हिटीकडे, जास्त लक्ष द्या.

आणि निनाद, टॅन डेल्टा (पदार्थातल्या लॉसचं माप) या सेटअपवरून काढू नका. फटीमुळे तोही सुमारे दहा टक्के कमी दिसतो, पेस्ट लावली की तिचा स्वतःचा लॉस त्यात मिसळतो, आणि चांगल्या अल्युमिनाचा टॅन डेल्टा इतका लहान असतो की ट्रान्समिशन-रिफ्लेक्शनमध्ये, म्हणजे तुमच्या या पद्धतीत, तो नॉइजमध्येच बुडतो. त्यासाठी रेझोनेटर (ठराविक फ्रिक्वेन्सीला रेझोनन्स देणारं साधन) पाहिजे. पातळ चकती मिळाली तर स्प्लिट-पोस्ट रेझोनेटर बघा, त्यात फील्ड चकतीला समांतर असतं त्यामुळे फटीचा हा त्रास नाही.