गंज, टोप, भगोणे, पातेले: एकाच भांड्याची नावे की निरनिराळी भांडी?

प्रश्न (मूळ अमरावती, सध्या पुणे)

नमस्कार. माझे माहेर अमरावतीचे असून लग्नानंतरची बावीस वर्षे मी पुण्यात आहे. गेल्या महिन्यात आई आमच्याकडे राहायला आली होती. तिने माझ्या मुलीला “गंजातलं दूध फ्रीजमध्ये ठेव” असे सांगितले, तेव्हा मुलीने निरागसपणे विचारले, “आजी, गंजलेल्या भांड्यात दूध कशाला तापवलं?” सासूबाईंनी हसून “अगं, पातेल्यातलं म्हणायचंय त्यांना” असा खुलासा केला, पण आईला तो पटला नाही. तिच्या मते गंज वेगळा, डेचकी वेगळी आणि पुण्यातले पसरट पातेले तर त्याहून वेगळे. आमच्याकडे बटाट्याला आलू आणि शेंगदाण्याला फल्लीदाणे म्हणतात, तेथे वस्तू एकच असल्याने वाद उद्भवत नाही. भांड्यांच्या बाबतीत ही केवळ नावांची अदलाबदल आहे, की प्रत्येक नावामागे खरोखर निराळा आकार आहे? आपापल्या घरातला शब्द आणि त्या भांड्याचे वर्णन, असे दोन्ही कळवल्यास बरे होईल.

प्रतिसाद १ (मुंबई, मूळ सिंधुदुर्ग)

आमच्या घरी टोप. भाताचा टोप, आमटीचा टोप, दुधाचा टोप. तळ सपाट, बाजू जवळजवळ उभ्या, काठ बाहेर वळलेला आणि कान किंवा मूठ नाही, असे त्याचे रूप असते. मुंबईच्या भांड्यांच्या दुकानांत एकात एक बसणारा ‘टोपांचा सेट’ याच नावाने मागितला जातो, त्यामुळे इतर जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांतही हा शब्द रुळलेला दिसतो. पुण्यातल्या एका नातेवाईक काकूंना मात्र “टोप कुठे ठेवू?” असे विचारल्यावर त्यांनी खुंटी दाखवली होती.

प्रतिसाद २ (नाशिक)

आमच्याकडे भगोणे, बोलताना भगुणं. मला यात प्रदेशापेक्षा पिढ्यांचा फरक अधिक जाणवतो. आजीचे भगोणे पितळेचे होते. कल्हईवाला दारात भाता लावून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवून ते आतून चकचकीत करून देई. आईच्या संसारात ॲल्युमिनियमची भांडी आली, त्यांना ती आजही ‘जर्मनची’ म्हणते. तिचे भगोणे ‘जर्मनचे’ होते. माझ्या लग्नात नावे कोरलेली स्टीलची भांडी आहेर म्हणून आली आणि मी त्यांना पातेली म्हणू लागले, बहुधा पाठ्यपुस्तके आणि मासिकांतल्या पाककृती वाचून. माझ्या मुलाला यांपैकी एकही शब्द लागत नाही. त्याच्या लेखी कुकर, कढई आणि पॅन सोडले तर उरलेले सगळे ‘भांडं’.

प्रतिसाद ३ (कोल्हापूर, निवृत्त शिक्षक)

ताई, आपल्या मातोश्रींचे म्हणणे मला योग्य वाटते. हे शब्द एकमेकांच्या जागी ठेवता येतील असे समानार्थी नाहीत. मराठीत भांड्याचे लिंग बदलले की आकार बदलतो: पातेले मोठे, पातेली लहान; डेचके मोठे, डेचकी लहान. (टोपाचे मात्र असे लहान रूप करता येत नाही, टोपी म्हटले की ते डोक्यावर जाते आणि टोपली म्हटले की बुरुडाकडे.) डेचकी हा शब्द फारसी ‘देगचा’वरून आला. आमच्या सीमाभागात बोगणी म्हणतात, आणि कन्नडमध्येही तोच शब्द आहे. कोणता प्रदेश कोणाच्या शेजारी नांदला, हे अशा शब्दांत टिकून राहते. नागपूर 1956 पर्यंत हिंदी मुलखासह एकाच प्रांतात होते, वऱ्हाडही 1903 पासून त्याच मध्य प्रांताला जोडलेला होता, तर मराठवाडा निजामाच्या राज्यात. आपल्याकडचा ‘आलू’ या शेजाराशी जुळतो, तर ‘बटाटा’ पोर्तुगीजांबरोबर किनाऱ्यावर उतरला.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने बोलींचे सर्वेक्षण केले असून, एकेका वस्तूला कोणत्या भागात काय म्हणतात हे त्यातून पाहता येते. आपण मात्र आधी आईंना एक विचारावे: त्यांच्या गंजाचे तोंड पोटापेक्षा अरुंद आहे का? वर्णनाशिवाय नुसते नाव कळून उपयोग नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर, आईला काल दूरध्वनीवरून विचारले. तिच्या म्हणण्याप्रमाणे गंज उंच असतो, पोट किंचित फुगीर, तोंड त्याहून थोडे आत आणि काठ जाड; उंचीमुळे दूध चटकन उतू जात नाही, म्हणून तो दुधासाठी. डेचकी बुटकी, ती भाजीसाठी. आमच्या पुण्यातल्या घरात उंच आकाराचे एकही भांडे नाही, सगळी सेटमधली पातेलीच आहेत. हे सांगितल्यावर आई म्हणाली, “मंग तुमच्याकडे गंज नाहीच, मीच चुकीचं बोलली.” पुढच्या खेपेला ती स्वतःचा गंज घेऊन येणार आहे.