'स्पेसिफिकेशन'ला 'निकष' म्हणावं का?

प्रश्न (हिंगणा एमआयडीसी) : सळईच्या कारखान्यात क्वालिटीचे कागद मराठीत करून राहिलो. लॅबमधली पोरं 'स्पेक' म्हणतात. कोशातला 'विनिर्देश' सरकारी निविदेबाहेर कोणी बोलत नाही. 'निकष' चालेल का?

उत्तर : निकष म्हणजे मुळात सोनं घासून पाहायचा दगड, कसोटी. कस उतरला की नाही, एवढंच त्या शब्दात येतं. स्पेकमध्ये पुष्कळ जास्त असतं. सळईचंच घ्या. आयएस १७८६ (सळईचं भारतीय मानक) प्रमाणे एफई ५०० या प्रतीला इलाँगेशन, म्हणजे तुटेपर्यंत सळई किती लांबते ते, किमान १२ टक्के लागतं, ५०० डी या प्रतीला १६. हा आकडा म्हणजे निकष. पण तो किती गेज लांबीवर, म्हणजे सळईवरच्या दोन खुणांमधल्या किती अंतरावर, मोजायचा? १६ मिमी सळईला सुमारे ८० मिमी, व्यासाच्या पाचपट. तीच सळई आखूड लांबीवर मोजली तर टक्का वाढून येतो, कारण तुटण्याआधी ती एका जागी बारीक होते आणि बरीचशी लांबी तिथंच वाढते. पद्धत न लिहिता नुसता आकडा दिला तर नापास माल पास होऊन साइटवर जाईल, कोणाच्या तरी स्लॅबमध्ये पडेल. म्हणून अख्ख्या कागदाला 'चाचणी-तपशील' म्हणा आणि त्यातल्या आकड्याच्या रकान्यावर 'निकष' लिहा.

प्रश्न : आणि 'मानक'?

उत्तर : मानक बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं), सगळ्यांना एकच. ५०० च्या सळईला गिऱ्हाइकानं १४ टक्के मागितले तर ते तुमच्या तपशिलात येतात, मानकात नाही.

दुसरं उत्तर (बुटीबोरी) : भाऊ, वर 'आवृत्ती क्रमांक' आणि 'लागू तारीख' हे दोन रकाने नक्की घाला. निकष बदलतो, पण जुना कागद मशीनपाशी चिकटलेला राहतो आणि रात्रपाळीवाला तोच पाहतो. आमच्याकडे टेस्टच्या नोंदीत आवृत्ती लिहिल्याशिवाय सही होत नाही. जुना कागद फाडत नाही, 'रद्द' शिक्का मारून फायलीत ठेवतो. पुढे कधी तक्रार आली तर त्या हीटला (भट्टीतून एका वेळी निघालेल्या मालाला) कोणता निकष लावला होता हे दाखवता आलं पाहिजे.

'टॉलरन्स'ला मात्र 'सहिष्णुता' लिहू नका, शॉपवर कोणालाच कळणार नाही. १० मिमीपर्यंतच्या सळईच्या वजनात लॉटला ७ टक्के कमी-जास्त चालतं, १६ च्या वर फक्त ३. याला आमचे लोक 'सूट' म्हणतात. 'वजनातील सूट : ± ३ टक्के' असं छापलं तर नवा पोरगाही वाचून बरोबर समजतो.