नागपूरचे व्याही येतायत: एका दिवसात बेळगाव आणि रात्री गावचं नाटक, जमेल का?

दुसरं_गेट

नमस्कार मंडळी. लेकीच्या सासरची माणसं पहिल्यांदाच बेळगावला येतायत. व्याही, विहीणबाई, व्याह्यांचे थोरले बंधू (वय ७४, गुडघ्यांचं दुखणं), दोन नणंदा, पोरंटोरं धरून अकरा जण. पुण्याहून रात्रीच्या गाडीनं शनिवारी सकाळी उतरणार, रविवारी दुपारी परत. हातात एक शनिवार, तोही फेब्रुवारीतला.

आमच्या ह्यांनी वहीत यादी केलीय. किल्ला, त्यातलं कमलबस्ती हे जैन मंदिर, मिलिटरी महादेव, कपिलेश्वर, राजहंसगड, सुवर्णसौध (कर्नाटकचं इथलं विधानभवन), गोकाकचा धबधबा आणि खाली "जमलं तर सौंदत्ती". ह्यांच्या "जमलं तर"पायी मी आजवर काय काय निस्तरलंय ते माझं मला ठाऊक.

खरा पेच पुढंच आहे. त्याच रात्री खानापूर तालुक्यात माझ्या माहेरी यात्रेचं नाटक आहे आणि भाचा संभाजी करतोय. दिवसभर उसाच्या फडात राबून पोरं रोज रात्री तालमीला बसतायत. दादाचा दिवसाआड फोन, "पावण्यांना घेऊन ये की, पुढच्या खुर्च्या राखून ठेवतो." व्याही कॉलेजात असताना नाटकात कामं केलेले, ते तर ऐकल्यापासून तारखा मोजतायत. विहीणबाईंनी मात्र फोनवर हळूच विचारलं, "तिकडे समदं कन्नडमध्येच राहते ना?"

कुणी माहितगार माणूस बरोबर न्यावा, का आम्हीच हिंडवावं? तीस वर्षं टिळकवाडीत राहतोय, पण कमलबस्तीत मी शेवटची गेले तेव्हा लेक चौथीत होती. हे कुणी बांधलं असं कुणी विचारलं तर मी काय सांगणार? आणि एवढं फिरून रात्री नाटकाला माणसं जागी राहतील का?

गोकाक_रोड

अक्का, गोकाक आधी खोडा. फेब्रुवारीत तिथं ५२ मीटरचा कडा असतोय, पाणी नसतंय. माझ्या साडूनं बरोब्बर धबधब्यासमोर उभं राहून मला विचारलं होतं, "आता धबधब्याकडं कधी जायचं?" जायला साठेक किलोमीटर, यायला तेवढंच. जुलै-ऑगस्टात परत बोलवा त्यांना. करदंट, म्हणजे तिथली मिठाई, तेवढं आणून ठेवा, त्याला पाऊस लागत नाही.

जुना_कंडक्टर

वैनी, ह्यांची वही कपाटात ठेवा आणि कुलूप घाला.

रिटायर झाल्यापासून पावण्यांना बेळगाव दाखवायचं हाच माझा उद्योग. पैसे घेत नाही, चहा घेतो. पहिल्याच खेपेला माती खाल्ली ती सांगतो. सोलापूरकडचे निवृत्त मास्तर, बावीस जण. सकाळी सातला काढलं, अकरा ठिकाणं दाखवली आणि संध्याकाळी नाटकाला नेऊन बसवलं. दुसऱ्या अंकात नायिकेचा बाप मरतोय, सगळं थिएटर गप्प, आणि आमच्या रांगेतून घोरणं. एकाचं नव्हे, तिघांचं. मेलेल्या बापानं एक डोळा उघडून आमच्याकडं बघितलं. तवापासून माझा एकच हिशेब: रात्री नाटक असेल तर दिवस नाटकासाठी राखायचा. सकाळी तीन ठिकाणं, दुपारी झोप, खेळ खलास.

आठला किल्ला. आत लष्कर आहे, तेव्हा आधार कार्ड प्रत्येकाच्या खिशात पाहिजे आणि बराकींकडं मोबाईल वळवायचा नाही, हे पोरांना घरातनंच सांगून निघा. कमलबस्ती १२०४ सालची. रट्ट राजांच्या राज्यातला बिचिराज, त्यानं बांधवली. एवढं पाठ केलंत की तुमचं काम झालं. आत नेमिनाथ आहेत. पावणे हात जोडतात आणि दोन मिनिटांत चपला शोधायला लागतात, तिथं आडवं व्हायचं. मंडपाच्या मधोमध आणून वर बघायला लावा. छताला दगडी कमळ उलटं टांगल्यासारखं आहे, ७२ पाकळ्यांचं. मागच्या, चालू आणि पुढच्या काळातले चोवीस-चोवीस तीर्थंकर, म्हणून बहात्तर. थोरल्या बंधूंना मान वर करून उभं ठेवू नका. खाली बसवा, मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करून मांडीवर ठेवायला सांगा. कमळ मांडीवर उतरतंय. ही युक्ती मला एका आठवीतल्या पोरीनं शिकवली, त्याआधी मी घरातनं आरसा घेऊन हिंडत होतो.

तिथनं रिसालदार गल्ली. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये बेळगावला आले ते आधी तीन दिवस भाटे वकिलांच्या घरी राहिले, मग नऊ दिवस वनखात्यातल्या हरिपद मित्रांकडं. पावण्यांना आकडे नंतर सांगा, आधी हे सांगा: जेवण झाल्यावर ह्या संन्याशानं पान-तंबाखू मागितली आणि भाट्यांच्या घरची माणसं चाट पडली. वकिलांच्या मुलानंच पुढं आठवणीत लिहून ठेवलंय. पान खाणारा कोणी बरोबर असला की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतोय.

तिसरं तुमच्या टिळकवाडीतच, काँग्रेस विहीर. १९२४ चं अधिवेशन. गांधीजींनी काँग्रेसचं अध्यक्षपद घेतलं ते हे एकदाच, आणि ते आपल्या गावात. एवढ्या माणसांना पाणी पाहिजे म्हणून विहीर खणली. कठड्याशी उभं राहून माझी गोष्ट विहिरीची नसतेय, एका पोरीची असतेय. स्वागताची गाणी म्हणायला ११ वर्षांची मुलगी धारवाडहून आलेली. तिला गायची भीती नव्हती. जेवणं झाल्यावर आपली जात बघून आपल्याला उष्टी काढायला लावतील, ही भीती होती. ती मुलगी म्हणजे गंगूबाई हनगल. हे सांगितल्यावर मी जरा गप्प बसतो. तुम्हीही बसा.

आता तुमचे व्याही नाटकवाले, म्हणून एक जादा. रिक्षा किर्लोस्कर रोडनं न्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सायकलचं दुकान बेळगावात होतं, लोखंडी नांगर वगैरे सगळं पुढचं. लक्ष्मणराव गुर्लहोसूरचे, आपल्या सौंदत्ती तालुक्यातले, आणि अण्णासाहेब किर्लोस्करही त्याच गावात जन्मले, १८४३ साली. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात शाकुंतलाचा पहिला प्रयोग करून मराठी संगीत नाटक उभं केलं ते हेच अण्णासाहेब. सुळेभावी इथनं हाकेच्या अंतरावर, तिथं कुमार गंधर्व जन्मले, तेही १९२४ सालीच. एवढं कानावर घालून माणूस खानापूरच्या मंडपात नेऊन बसवा, मग तो गावचं नाटक म्हणून हसत नाही.

सुवर्णसौध हायवेवरनं दिसतंय, तेवढं बास. कुंडा, आपली बेळगावची मिठाई, रविवारी निघताना घ्या, आदल्या दिवशी घेतलात तर नागपूरला डबा रिकामा पोचतोय. आणि विहीणबाईंना सांगा, पाट्या कन्नड, बोलणं मराठी, भांडण दोन्हीत.

शहापूरकर

काका, बाकी सगळं मान्य, पण दुपारी झोप? अकरा पावण्यांना दोन खोल्यांत झोपवणार कुठं? त्यापेक्षा बायकांना वडगाव-खासबागला न्या. मागावर साडी विणताना बघितली की त्या दुकानात नुसत्या उभ्या राहात नाहीत. विहीणबाईंचा मान पण होऊन जाईल. माग चालू असताना बोललेलं काही ऐकू येत नाही, तेव्हा भाव बाहेर आल्यावर करा.

जुना_कंडक्टर

चटई.

पडद्यामागं

ताई, मी खानापूर तालुक्यातलाच. बारा-तेरा वर्षं गावोगावच्या नाटकांत सीन लावतो, दोरी ओढतो. शहराचं काकांनी सांगितलंय, मी रात्रीचं सांगतो.

हँडबिलावर साडेनऊ असेल तर साडेअकरा धरा. आधी पालखी, मग स्टेजवर मान्यवर, मग त्यांचे सत्कार, मग सत्कार राहिलेल्यांचे सत्कार, नारळ, नांदी. दादाला फोन करून "कितव्या सत्काराला आहात" असं विचारा आणि मगच जेवून उठा. दव पडतंय, शाल आणि कानटोपी प्रत्येकाला. दादा पुढच्या खुर्च्या देतील, त्या घेऊ नका. पुढं दोन्ही बाजूंना स्पीकरचे मनोरे असतात, थोरल्या बंधूंना तिसऱ्या दिवसापर्यंत ऐकू येणार नाही. मध्यावर, खांबाला टेकून बसायला मिळेल असं बघा.

पावण्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, नाहीतर हसतील आणि गावाला लागेल. आमच्याकडं प्रवेश रंगला की लोक बक्षीस देतात. चिठ्ठी आणि नोट विंगेत येते, माईकवाला प्रवेश थांबवून पुकारतो, "अमुक अमुक यांच्याकडून संभाजीच्या कामाला एकशेएक रुपये." तेवढ्यापुरता संभाजी थांबतो, औरंगजेब पण थांबतो. संभाजी नोट घेतो, कपाळाला लावतो, प्रेक्षकांना हात जोडतो. मग औरंगजेब घसा खाकरतो आणि मागच्या वाक्यापासून परत उचलतो. हे रात्रीत तीस-चाळीस वेळा होतं. त्याच पैशांतून पडदे, लाईट, मेकअपवाला आणि बाहेरून बोलावलेल्या नट्यांची बिदागी निघते. त्या नट्या आदल्या दिवशी येतात, एक तालीम करतात आणि आमच्या पोरांच्या चुका पण सांभाळून घेतात. त्यांना एकदा बक्षीस देऊन बघा. त्यांना फार कमी जण देतात.

वाटेत वेळ असला तर नंदगड करा. २६ जानेवारी १८३१ ला संगोळ्ळी रायण्णांना तिथं फाशी दिली. समाधीवर वड आहे. पाचच्या सुमाराला गेलात तर सावली पण असते आणि गर्दी पण नसते. प्रसाधनगृहाची सोय मात्र घरूनच करून निघा, यात्रेत त्याची आशा ठेवू नका.

दुसरं_गेट

मंडळी, काल गाडीत बसवून आले. तुमचे उपकार म्हणून सविस्तर लिहिते.

वही कपाटात होती. हे दोन दिवस फुगून होते, कमलबस्तीत गेल्यावर निवळले. थोरल्या बंधूंना खाली बसवून मोबाईल मांडीवर दिला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि बोटानं पाकळ्या मोजायला लागले. बोट लागलं की फोटो निघायचा. घरी येऊन बघते तर माझ्या मोबाईलमध्ये त्यांच्या हनुवटीचे चौतीस फोटो, मागं कमळ. बहात्तरपर्यंत पोचलेच नाहीत, एकोणसाठला पोरांनी चुकवलं. विहिरीपाशी मी कंडक्टर काकांसारखं सांगायला गेले, पण माझाच आवाज गेला. धाकटी नणंद म्हणाली, "मंग तिनं गायलं का?" मी म्हटलं, गायलं की.

दुपारी झोपलं कुणी नाही. झोपले ते फक्त आमचे हे. बायका वडगावला गेल्या, विहीणबाईंनी मोरपंखी साडी घेतली आणि भाव माझ्यापेक्षा बरा केला. त्यात नंदगड राहून गेलं.

नाटक बारा वाजायला दहा मिनिटं कमी असताना सुरू झालं. सत्कार सोळा. सतरावा आमच्या व्याह्यांचा, दादानं न विचारता नाव दिलेलं. ते नारळ हातात धरून तसेच खाली येऊन बसले आणि पहिला अंक होईपर्यंत नारळ मांडीवर.

साखळदंडाच्या प्रवेशाला व्याह्यांनी पाचशेएकची चिठ्ठी धाडली. माईकवाल्यानं पुकारलं, "नाशिकचे पावणे यांच्याकडून." व्याही उभे राहून ओरडले, "नागपूर! नागपूर!" मंडपात कुणाला काही कळेना. तर आमचा भाचा, साखळदंडात जखडलेला, रक्ताचा रंग गालावर ओघळलेला, विंगेकडं मान वळवून म्हणतोय, "नागपूर रे, नागपूर. आत्तीचे व्याही हायत." परत पुकारलं. औरंगजेबानं घसा खाकरला. त्यानंतरच्या वाक्याला विहीणबाईंनी शालीचा पदर डोळ्याला लावला तो शेवटपर्यंत काढला नाही. मधेच एकदा मला म्हणाल्या, "काहून इतकं रडवून राहिला हा पोरगा?" भाषेबद्दल पुन्हा विचारलं नाही. येसूबाई करणाऱ्या बाईंना त्यांनी दोनशेएक दिले, स्वतःच्या नावानं.

पहाटे साडेचारला सुटलं. थोरले बंधू पूर्ण जागे. झोपलेले परत आमचेच हे.

आता एक काम आहे. पडद्यामागं, तुम्ही त्या बाजूचे म्हणून विचारते. मंडपातून निघताना विहीणबाईंची उजवी चप्पल बदलली. चॉकलेटी, अंगठ्याची, सात नंबर. दादानं एक शोधून पाठवली, पण ती डावी निघाली आणि काळी. पंचकमिटीपाशी जमलेल्या चपलांच्या पोत्यात कुणी बघून देईल का?